छातीतली ऊब

आभाचा पांढरा फ्रॉक शिवून आला त्या संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहिली आणि तिने आईला विचारलं, "आई, प्रेयर करताना तुला नक्की काय फील होतं?"

मैथिली खाली बसून फ्रॉकची दुमड बघत होती. तोंडात टाचणी होती, त्यामुळे उत्तराला थोडा उशीर चालून गेला.

"का गं?"

"बिकॉज आय फील नथिंग." आभाने छातीवर हात ठेवला. "सगळे म्हणतात, इथे वॉर्म वाटतं. मला फक्त गुडघे दुखतात. अ‍ॅम आय बॅड?"

"वेडी आहेस का? वाटेल हळूहळू. मला वाटते ना ऊब."

हे खोटं होतं. मैथिलीला गेली दोन वर्षं काहीच वाटत नव्हतं, आणि हे कुणालला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माहीत नव्हतं.

दोघंही पुण्याचे, हिंदू घरांतले. बाहेरचे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्या चर्चमध्ये दोघंही कॉलेजात असताना जायला लागले, तिथेच भेटले, लग्न केलं. मैथिलीला तिकडे ओढलं ते प्रार्थनेनेच. घरी चिंचवडला दिवेलागणीला पाठ केलेलं म्हणायचं, आणि म्हणताना लक्ष स्वयंपाकघरातल्या वासाकडे. इथे मात्र गुडघे टेकायचे, हात छातीशी बांधायचे, मान खाली घालायची आणि स्वतःच्या शब्दांत बोलायचं. मग गप्प राहून उत्तराची वाट बघायची. होस्टेलच्या मोझाइक फरशीवर तिने पहिल्यांदा विचारलं, तू आहेस का, आणि बरगड्यांखाली गरम दूध प्यायल्यासारखी ऊब पसरली. ती रडली. ते उत्तर होतं याबद्दल तिला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. त्या उबेवर विसंबून तिने आईवडिलांचा अबोला सोसला, लग्न केलं, कुणालला रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात नोकरी मिळाली तेव्हा शारजात अल नहदा भागातल्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर संसार मांडला.

ती ऊब गेली ती कुठल्या संकटामुळे नव्हे. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत एक मुलगी जिंकली आणि तिने आईला मिठी मारली. मैथिलीच्या बरगड्यांखाली ऊब पसरली. तीच. डोळे भरून येणंही तेच. हातातली भाजी तशीच राहिली. हे जर टीव्ही बघूनही होतं, तर त्या फरशीवर कोण बोललं होतं? त्या दिवसानंतर ती गुडघे टेकायची तेव्हा समोर नुसता सोफा असायचा. रोज सकाळी कुणालशेजारी ती डोळे मिटून बसे, डब्याची भाजी ठरवे आणि शेवटी वेळेवर आमेन म्हणे. लिफ्ट मध्येच थांबली की मात्र ओठ आपोआप हलायचे, आणि मग स्वतःचाच राग यायचा. त्याहून वाईट म्हणजे भीती वाटायची. देव असलाच तर?

आता आभा आठ वर्षांची होणार होती. त्यांच्यात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. कुणाल स्वतः तिला पाण्यात बुडवून वर काढणार होता. पण त्याआधी मुलीने स्वतः प्रार्थना करून विचारायचं असतं, आणि आभा रोज विचारत होती.

बाप्तिस्म्याला चार दिवस राहिले असताना धुकं पडलं. खिडकीबाहेर समोरचा टॉवरच नव्हता. नुसतं पांढरं. दोघांच्याही फोनवर एकदमच सावधगिरीचा भोंगा वाजला. आभाच्या शाळेची बस उशिरा येणार असा मेसेज आला.

"आज नको ना जाऊस," मैथिली म्हणाली.

"भट्टी बंद पडलीय गं, मी नसलो तर सगळी बॅच जाईल." कुणाल गालिच्यावर गुडघे टेकून बसला, बराच वेळ बसला. उठला तेव्हा चेहरा निवलेला होता. "चांगलं वाटलं. निघतो. हळू चालवीन."

खाली पार्किंगमध्ये हमीद थांबलेला असणार होता. हमीद कुणालच्याच कारखान्यात सुपरवायझर, बाराव्या मजल्यावर आईबरोबर राहायचा. दोघं रोज कुणालच्या गाडीने एकत्र जात.

तास झाला, फोन आला नाही. कारखान्यात पोहोचला की कुणाल नेहमी मेसेज टाकायचा. मैथिलीने लावला तर बंद. हमीदचा लावला तर वाजत राहिला. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. रास अल खैमाच्या रस्त्यावर गाड्यांवर गाड्या चढल्या होत्या. धुक्यातून फक्त लाल दिवे दिसत होते, आणि कोणीतरी अरबीत ओरडत होतं. मैथिलीने तो थांबवून थांबवून बघितला. कुणालची राखाडी गाडी शोधली. सगळ्याच राखाडी दिसत होत्या.

दारावरची बेल वाजली. हमीदची आई मैमुनाबी दारात उभी, दुपट्टा अर्धा खांद्यावरून घसरलेला, हातात जपमाळ. त्या उदगीरच्या. मराठी कळायचं, बोलायच्या दखनी.

"हमीद फोन नै उठारा बेटी. तुम्हारेकू कुछ मालूम?"

"नाही खाला. आत या, बसा."

त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. माळेचे मणी सरकायला लागले. आभा दप्तर पाठीला लावून उभी होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा मैमुनाबींकडे.

"बाबाला काय झालं?"

"काही नाही. फोन लागत नाहीये."

"मग प्रेयर करूया." आभाने दप्तर खाली ठेवलं. "यू डू इट, आई. मी केलं तर वर्क नाही होणार."

मुलगी गुडघे टेकून, हात बांधून बसलीही होती. मैथिली तिच्याशेजारी बसली आणि तिने इंग्रजीत सुरुवात केली, चर्चमध्ये करतात तशी. आमच्या स्वर्गातल्या पित्या, आजच्या दिवसाबद्दल आम्ही आभारी आहोत. पुढची वाक्यं ठरलेली, एकामागून एक आली. आपण बँकेच्या फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज झालोय असं तिला वाटलं. ती मध्येच थांबली. मागे मण्यांचा आवाजही थांबला.

मग ती मराठीत बोलायला लागली. किती वर्षांनी, तिचं तिलाच आठवेना.

"तू आहेस की नाही मला माहीत नाही. दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, बोलल्यासारखं केलं. आत्ताही मला काही वाटत नाहीये, नुसती भीती वाटतेय. पण कुणाल तिकडे आहे. हमीद आहे. त्यांना काही होऊ देऊ नकोस. कोणी ऐकत असेल तर एवढं कर." तिला शेवट सुचेना. "आमेन."

आभा आमेन म्हणाली नाही. तिने डोळे उघडून आईकडे बघितलं.

"तसं म्हणायला अलाउड आहे?"

"माहीत नाही."

"पण तू म्हणालीस की तुला ऊब वाटते."

"खोटं बोलले मी. सॉरी."

आभा रागावेल, रडेल असं मैथिलीला वाटलं. ती फक्त सरकून जवळ आली आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसली. मैमुनाबींनी सगळं ऐकलं होतं. मणी पुन्हा सरकायला लागले.

अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हा धुकं विरळ झालं होतं, समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या दिसायला लागल्या होत्या.

"मैथिली, मी ठीक आहे." कुणालचा आवाज घोगरा होता. "फोन फुटला. पोलिसांच्या फोनवरून बोलतोय. मी ठीक आहे."

"हमीद?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज. "मागून ट्रक बसला, त्याच्या बाजूला. पाय अडकला होता. कापून काढलं... गाडी कापून काढली. हॉस्पिटलला नेलंय."

मैथिलीचा चेहरा बघून आभाने ओळखलं, बाबा बोलतोय, म्हणजे बाबा आहे. तिने उडीच मारली. "इट वर्क्ड! आई, इट वर्क्ड!"

"आभा, गप्प." मैथिली फोन हातात धरून मैमुनाबींकडे वळली. सांगायला शब्द जुळवण्याआधीच त्या उभ्या राहिल्या होत्या.

"हमीद?"

"पाय, खाला. जीव आहे. हॉस्पिटलमध्ये आहे."

"कौनसे हॉस्पिटल में? चलो." त्या चप्पल शोधायला लागल्या. चप्पल पायातच होती.

आभाला शाळेच्या बसमध्ये बसवून मैथिलीने टॅक्सी केली. रास अल खैमापर्यंत मैमुनाबी माळेचे मणी सरकवत राहिल्या. मैथिलीच्या डोक्यात आभाचे ते दोन शब्द घुमत होते. प्रार्थना पोहोचली असेल तर अर्धीच पोहोचली? तिने तर दोघांचीही नावं घेतली होती.

हमीदला शस्त्रक्रियेला नेलं होतं. कुणाल कॉरिडॉरमध्ये बसला होता, मनगटाला पट्टी, शर्टावर वाळलेलं रक्त. मैमुनाबी नर्सशी बोलायला पुढे गेल्या तशी मैथिली त्याच्याजवळ बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तो नको म्हणत होता," कुणाल हळू म्हणाला. "खाली पार्किंगमध्ये. सर, आज छोड़ दो, कुछ दिख नहीं रहा. आणि मी म्हणालो, मैंने प्रेयर किया है हमीद, अच्छा लग रहा है, यल्ला, चलो."

मैथिलीने त्याच्या शर्टावरच्या रक्ताकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं गं. इथे." त्याने पट्टी बांधलेला हात छातीवर दाबला. "तीच ऊब. बाप्तिस्म्याच्या वेळची, आभा झाली तेव्हाची. अगदी तीच. मग ती काय होती?"

या प्रश्नाला ती दोन वर्षं घाबरत होती. तो आता त्याच्या तोंडून आला, आणि तिला जराही बरं वाटलं नाही.

"कुणाल, मला नाही वाटत आता काही. दोन वर्षं झाली."

त्याने मान वर केली. थोडा वेळ त्याला अर्थ लागला नाही. मग लागला.

"मग रोज सकाळी माझ्याशेजारी गुडघे टेकून काय करत होतीस?"

"तुझ्याशेजारी बसत होते."

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो झटकला नाही. मैमुनाबी परत आल्या तेव्हा तो उठून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. हमीद नको म्हणत होता, मीच नेलं.

मैमुनाबींनी ऐकून घेतलं. "अब्बी मेरेकू कुछ नक्को बोलो," म्हणाल्या, आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

हमीदचा पाय वाचला. आत सळई घालावी लागली. तो हॉस्पिटलमध्ये होता तितके दिवस कुणाल कारखान्यातून सुटला की तिकडे जायचा. मैमुनाबी त्याला पाहून खोलीबाहेर जायच्या. हमीद त्याच्याशी बोलायचा, पण कारखान्यातल्याच गोष्टी.

घरी कुणाल अजून गुडघे टेकायचा. पण आता चटकन उठायचा, चेहरा निवलेला नसायचा. एकदा मैथिलीने विचारलं तर म्हणाला, "काही मागत नाही. माफ कर एवढंच म्हणतो. उत्तराची वाट बघायची भीती वाटते." मैथिली आता शेजारी गुडघे टेकत नव्हती, सोफ्यावर उघड्या डोळ्यांनी बसायची. पहिले काही दिवस ते त्याला लागलं. एका सकाळी तर तो रागाने म्हणाला, "निदान आभासाठी तरी." आभा तिथेच होती. म्हणाली, "बाबा, मला थांबायचंय. आय वॉन्ट टु वेट." कुणालने स्वतः चर्चच्या बिशपना फोन करून सांगितलं, बाप्तिस्मा आत्ता नको, मुलगी तयार नाही. फोन ठेवल्यावर तो बाल्कनीत बराच वेळ उभा होता. आभा काही दिवस त्याच्याजवळ गालिच्यावर बसे, काही दिवस आईजवळ सोफ्यावर. कुठे बसायचं हे ती त्या त्या दिवशी ठरवायची, आणि दोघांनी तिला कधी विचारलं नाही.

हमीद घरी आला त्या दिवशी पाय सरळ ठेवलेली व्हीलचेअर लिफ्टमध्ये मावेना. कुणाल आणि मैथिली दोन्ही बाजूंनी धरून त्याला लिफ्टने वर घरात घेऊन गेले. पलंगावर टेकवताना हमीद कण्हला. कुणालने हात तिथेच थांबवले.

"सर, धीरे," हमीद म्हणाला. "खलास, अब बैठ गया."

दोघं निघायला वळले तेव्हा स्वयंपाकघरातून मैमुनाबींचा आवाज आला, "बैठो."

त्यांनी ट्रे आणला. हमीदला चहा, स्वतःला चहा, आणि कुणालसमोर दुधाचा पेला. मॉर्मन लोक चहा पीत नाहीत, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात हे त्यांना पाठ होतं.

"तुम चाय नै पीते, मालूम है मेरेकू," त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. मग मैथिलीकडे वळल्या. "तुमकू भी दूध लाऊं?"

मैथिलीने कुणालकडे पाहिलं नाही. "मला चहा चालेल, खाला."

मैमुनाबी क्षणभर थांबल्या, मग आत जाऊन कप घेऊन आल्या. चहा आल्याचा होता, फार गोड. कुणाल पेला हातात धरून बसला होता. थोड्या वेळाने त्याने बिस्किटांची ताटली तिच्याकडे सरकवली.