नळवेळला मिळालेला नवा हात

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. माझं नाव नळवेळ. लातुरात कुठल्या गल्लीला नळाचं पाणी कधी येणार, ते मी मोबाईलवर सांगतो. आणि नुसता फुकट नाही, खुला आहे मी! माझी ओळ न् ओळ इंटरनेटवर उघडी आहे. कुणीही वाचावी, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. बाकीचे प्रोग्राम कुलपात राहतात, माझा तोरा वेगळाच!

विष्णुपुरीला कॉलेजच्या वसतिगृहात माझा जन्म झाला. लातूरच्या अमरनाथने मित्रांना जमवून मला लिहिलं. पाण्याची वाट बघत घरी अडकणाऱ्या बायका माझ्या भरवशावर कामाला जाऊ लागल्या. काय कौतुक व्हायचं माझं! पुढे मित्र नोकऱ्यांना लागले आणि अमरनाथ एकटा उरला. दुरुस्त्या साचत गेल्या. शेवटी त्याने माझ्या पानावर लिहिलं, "एकट्याला झेपत नाही. दिवाळीपर्यंत मदतीला कुणी आलं नाही, तर नळवेळ बंद करणार." मी दिवाळीचे दिवस मोजायला लागलो.

तेवढ्यात शिवगंगा आली, तीही भांडायला! ही लातूरची, बी.एस्सी.ला शिकणारी. तिची आई गुरम्मा दालमिलमध्ये कामाला. मी सांगितलं म्हणून गुरम्मा खाडा करून घरी बसली आणि पाणी आलं दुसऱ्या दिवशी. शिवगंगाने माझ्या पानावर लिहिलं, "तुमचं नळवेळ खोटं बोलतंय!"

अमरनाथ रागावला नाही. कुठली गल्ली, कुठली तारीख, स्क्रीनवर काय दिसलं, हे त्याने विचारलं. तिने फोटोसकट सगळं कळवलं आणि माझी खोड सापडली. प्रत्येक महिना मी एकतीस दिवसांचाच धरायचो, त्यामुळे तीस दिवसांचा महिना संपला की एका दिवसाने चुकायचो.

"आता तूच दुरुस्त कर की," अमरनाथने लिहिलं.

"मला कुठं येतंय, दादा?"

"माझ्याकडून शीक. आधी नळवेळची प्रत काढ आणि तिच्यात खुशाल मोडतोड कर. मूळ प्रोग्रामला धक्का लागत नाही."

तिने मेहनतीने दुरुस्ती करून पाठवली. ती परत आली! वर लिहिलं होतं, "फेब्रुवारी चुकतोय. पुन्हा बघ."

आमच्याकडे दिलेला आहेर परत केला म्हणजे नातंच तुटलं. शिवगंगाचे डोळे भरून आले. तिने लॅपटॉप मिटला. "दिलेलं परत केलं त्यानं, माय. न्हाई जमायचं मला."

दिवाळी तोंडावर आली होती. ही पोरगी गेली की माझा कारभार आटोपला, हे मला दिसत होतं.

गुरम्मा चकल्या तळत होती. ती म्हणाली, "शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करतो का गं? त्यानं काय घालून धाडलंय, ते तर बघ!"

शिवगंगाने पुन्हा लॅपटॉप उघडला. खाली भलंमोठं लिहिलेलं होतं. फेब्रुवारी कसा मोजायचा ते नीट समजावलं होतं, आणि शेवटी होतं, "पहिल्या खेपेला एवढं मलासुद्धा जमलं नव्हतं."

"अगं बाई, म्या खालचं वाचलंच न्हाई!" ती ओरडली.

तिने फेब्रुवारी बसवला. अमरनाथने दुरुस्ती स्वीकारली, बंद करण्याची सूचना पुसली आणि मदतनीसांच्या पानावर शिवगंगाचं नाव लिहिलं. गुरम्माने गल्लीत घरोघरी जाऊन माझ्या वेळा तपासल्या, म्हणून तिचंही नाव चढलं. "माझं नाव कुठं हाय? दाव बरं," म्हणत ती ते पुन्हा पुन्हा बघत होती.

मित्रांनो, माझ्यासारखे कितीतरी प्रोग्राम एकट्यादुकट्याच्या जिवावर तग धरून आहेत. त्यांना हात द्या. कोड येत नसला तरी चालेल. चूक नीट कळवा, वापरायच्या सूचना सोप्या मराठीत लिहा, वापरून बघून सांगा. काम परत आलं तर रुसू नका, खालपर्यंत वाचा आणि पुन्हा पाठवा.

बरं, निघतो. उद्या शिवगंगाच्या गल्लीत पाणी येणार आहे, आणि ते सगळ्यांना मलाच सांगायचं आहे!