बर्फाच्या खोलीतलं जॅकेट

पीस होतं ते. नखाएवढं, पांढरट, शिवणीच्या भोकातून अर्धं बाहेर आलेलं, आणि पंख्याच्या वाऱ्यावर असं थरथरत होतं की प्रल्हादला वाटलं, चिमटीत धरून ओढावं... मग वाटलं, ओढलं तर त्याच्यामागून दुसरं येईल, त्याच्यामागून तिसरं. त्याने हात मागे घेतला. पलंगावर दोन जॅकेटं पसरलेली होती — एक निळं, जाड, गादीसारखं. दुसरं मरून, इतकं हलकं की उचललं तरी हातात काही आहे असं वाटू नये. पीस मरूनमधून आलं होतं.

"एक ठेवायचं, एक परत," प्राजक्ता सकाळी ड्यूटीला निघताना चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली होती. "चार वाजता कुरिअरवाला येईल न्यायला. बाबा, तुम्हीच ठरवा. मला काही कळेनासं झालंय."

"मी काय ठरवू?"

"बर्फातलं तुम्हालाच कळतं ना घरात."

हसून म्हणाली होती की नुसतीच म्हणाली होती, हे आता त्याला आठवेना. तिचा चेहरा वाकलेला होता, चपलेकडे.

सत्तावीस वर्षं तो डहाणूच्या खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात होता. बोटींना लागणारा बर्फ — मिठाच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी डबे सोडायचे, दीड दिवसाने उचलायचे, लाद्या सुट्या करून बर्फाच्या खोलीत रचायच्या. पण तो बर्फ माणसाच्या कामाचा, दरवाजा लावला की मागे राहणारा. प्राजक्ता आठ दिवसांनी जिथे निघाली होती तिथे दरवाजाच नव्हता. लेह. एका छोट्या दवाखान्यात नर्सची नोकरी, दोन वर्षांचा करार, जानेवारीत उणे वीस. उणे वीस म्हणजे काय, हे तिने त्याला मोबाइलवर दाखवलं होतं — गोठलेली नदी आणि तिच्यावरून चालणारी माणसं. इथे थंडी म्हणजे पहाटे चिकूच्या वाडीत थोडं धुकं, आणि म्हाताऱ्यांच्या कानाला मफलर.

आठ हजार तिने बाजूला काढले होते, स्वतःच्या पगारातून. निळं जॅकेट तेवीसशेचं, आत कृत्रिम कापूस. ते घेतलं तर उरलेल्यात चांगले बूट आणि आतून घालायचे लोकरीचे कपडे बसत होते. मरून अठ्ठावन्नशेचं, आत बदकाची पिसं. ते घेतलं तर बूट जेमतेम. "थंडी पायातून चढते बाबा," ती म्हणाली होती, "नुसतं जॅकेट भारी घेऊन काय उपयोग?" खरं होतं ते. कारखान्यात पहिल्या वर्षी त्याचीही बोटं बधीर व्हायची, ती पायाचीच. म्हणून तो म्हणाला होता, "बूट मी घेतो." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "नको बाबा. माझं मी बघते."

माझं मी बघते... तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

त्याने दोन्ही जॅकेटं घडी घालून पिशवीत भरली. मरूनची घडी करताना ते उसासा टाकल्यासारखं दबत गेलं आणि हात काढताच पुन्हा फुगलं. आतल्या पट्टीवर साडेसहाशे असा आकडा होता. काल त्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं — पिसं किती फुगतात त्याचा तो आकडा. जास्त फुगली की आत जास्त हवा अडकते आणि जास्त ऊब. त्याला ते पटकन कळलं. त्याच्या लहानपणी बर्फ गोणपाटात आणि भाताच्या तुसात गुंडाळून जायचा. तूस काही थंड नसतं. ते फक्त अडवतं.

"कुठे निघालात हे घेऊन?" त्याच्या बायकोने, जयमालाने, शिलाई मशीनवरून मान वर केली. तिच्या मांडीवर कुणाचंतरी ब्लाउज होतं, तोंडात टाचणी.

"कारखान्यात."

"नव्या वस्तूला मासळीचा वास लागला तर परत घेतील का ते?"

"बर्फाच्या खोलीत मासळी नसते," तो म्हणाला, आणि निघाला.

खाडीवर ओहोटी होती. बोटी चिखलात कलल्या होत्या, आणि एरवी या वेळी बर्फासाठी लागणारी रांग नव्हती. हाल्या, त्याच्याबरोबर वीस वर्षं लाद्या ओढणारा, तलासरीकडच्या पाड्यावरून रोज पहिल्या बसने येणारा, दारात बिडी ओढत बसला होता. प्रल्हादने निळं जॅकेट अंगात चढवलं तेव्हा तो आधी बघतच राहिला.

"काय रं, सासरी चाललास का?"

"पोरीचं आहे. बघतो, थंडी किती अडवतं ते."

"तुझ्या अंगाला थंडी कळते का अजून?" हाल्या हसला, पण बिडी विझवून उठला आणि त्याने जाड दरवाजा ओढून धरला. "बाहेर उभा राहतो. ठोकलंस की उघडतो."

आत पिवळा दिवा, लाद्यांच्या भिंती, आणि ती ओळखीची शांतता, जिच्यात स्वतःचा श्वासही कुणी दुसऱ्याने सोडल्यासारखा पांढरा दिसतो. प्रल्हाद एका फळीवर बसला. रोज तो इथे हालता असायचा; ओढ, उचल, रच. नुसतं बसून राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि नुसतं बसल्यावर ही खोली वेगळी होती. निळं जॅकेट पहिली काही मिनिटं चांगलं वाटलं. मग खांद्यावर, जिथे शिवण होती तिथे, थंडीची एक रेघ उमटली. मग दुसरी, छातीवर आडवी. जिथे जिथे दोरा आरपार गेला होता तिथे तिथे कुणीतरी गार सुई ओढत होतं. बाकीचं अंग ठीक होतं. दहा मिनिटं... पंधरा. इथे उणे पाच. ती पोरगी रात्रपाळी संपवून पहाटे चालत खोलीवर जाणार, उणे विसात.

त्याने ठोकलं, बाहेर येऊन मरून चढवलं, पुन्हा आत गेला. ते त्याला आखूड होत होतं, चेन छातीवर जेमतेम लागली. सुरुवातीला काहीच झालं नाही. निळ्यासारखी लगेचची ऊबसुद्धा नाही. पैसे वाया, असं मनात येतंय तोच पाठीच्या मधोमध काहीतरी जमू लागलं — हळूहळू, पाणी भरतीला रेतीत शिरतं तसं. ते जॅकेटातून येत नव्हतं. ते त्याचंच होतं, त्याच्याच अंगातलं, एरवी निघून जाणारं, ते जाऊ न शकल्यामुळे परत त्याच्याकडेच येत होतं. वीस मिनिटांनी त्याच्या काखेत घाम आला. बर्फाच्या खोलीत घाम! आणि त्या घामाबरोबर तो जून महिना आला, जो तो सहा वर्षं इथेच कुठेतरी लाद्यांमागे ठेवून रोज बाहेर पडत होता.

प्राजक्ता बारावी झाली होती तेव्हा. दिल्लीच्या एका नर्सिंग कॉलेजचा फॉर्म तिने कुणा मैत्रिणीबरोबर भरला होता, आणि स्वतःचा मोबाइल नव्हता म्हणून नंबर त्याचा दिला होता. यादीत नाव लागलं नाही. प्रतीक्षा यादीत होतं. मग एका दुपारी, डबे वर खेचत असताना, एका हातात साखळी, दुसऱ्या हातात फोन —

"प्राजक्ता जी के घर से बोल रहे हैं? उनका नंबर आ गया है. तीन दिन में आना होगा."

आणि प्रल्हादने म्हटलं, "वो नहीं आयेगी."

"पक्का?"

"हां. नहीं आयेगी."

एवढंच. पैशाची अडचण नव्हती, कर्ज काढता आलं असतं. घरी कुणी आजारी नव्हतं. कारण विचारलं असतं तर त्याला एकही सांगता आलं नसतं. साखळी हातात होती, डबा अर्धा वर आला होता, आणि दिल्ली हा शब्द ऐकताच तोंडातून ते निघालं — हात भाजला की मागे येतो तसं. पण हात भाजला की माणूस नंतर फुंकर तरी घालतो. तो नंबर फोनमध्ये होता. संध्याकाळी फिरवता आला असता. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. तीन दिवस त्याने तो फिरवला नाही, आणि चौथ्या दिवशी पुसून टाकला. जुलै संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी विचारायची, बाबा, आज काही फोन आला होता का? तो म्हणायचा, नाही. मग तिने विचारणं सोडलं, तलासरीला नर्सिंगचा कोर्स घेतला, तीन वर्षं रोज बसने जाऊन आली, आणि तो लोकांना सांगायचा — पोरगी शिकतेय, पण रात्री घरात असते हो माझी... माझी! मी सांगत होतो हे, मीच, मान ताठ करून, नाक्यावर, लग्नात, बोटीवाल्यांना. मी तिला ऊब देतोय असं वाटायचं मला. आणि मी फक्त दोरा आवळत होतो.

दरवाजा उघडला. "अरे, मेलास का काय आत?" हाल्याने डोकावून पाहिलं. "अर्धा तास झाला. ठोकतोस कुठे?"

"गरम होतंय," प्रल्हाद म्हणाला.

हाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि दरवाजा पूर्ण उघडून धरला.

घरी जयमालाने दोन्ही जॅकेटं उलटी केली, चष्मा लावून शिवणी तपासल्या. निळ्याची शिवण एका दमात आरपार गेली होती, हे तिने बोटानेच ओळखलं. "याला आत पडदे शिवलेत," ती मरूनवर हात फिरवत म्हणाली, "पिसं एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून. काम चांगलं आहे. पण हे भिजलं तर सगळं बसेल."

"तिथे पाऊस नसतो. कोरडी थंडी."

"मग हेच ठेवा. आतून स्वेटर मी विणून देते, तेवढे पैसे बुटांना जातील." तिने ते बाहेर आलेलं पीस सुईच्या टोकाने आत ढकललं, शिवण नखाने घासली, भोक बुजलं. आणि मग, मान वर न करता, "एवढा वेळ काय करत होतात तिथे?"

तिला सांगावं असं वाटलं. ओठांपर्यंत आलंही. पण ते तिला सांगणं म्हणजे पुन्हा प्राजूच्या पाठीमागे बोलणं झालं असतं. "बसलो होतो," तो म्हणाला.

साडेतीनला प्राजक्ताचा फोन आला. मागे कुणाचातरी खोकला, ट्रॉलीची चाकं.

"ठरलं का बाबा?"

"मरून ठेव. निळ्यात शिवणीतून गार लागतं. मी बसून बघितलं."

"तुम्ही घालून बसलात?" ती हसली, खरंखुरं. "मग बूट?"

"आई स्वेटर विणतेय. लोकरीच्या कपड्यांचे पैसे वाचतील त्यात..." तो थांबला. पुढचं वाक्य बुटांचंच असायला हवं होतं. "प्राजू, त्या वर्षी दिल्लीच्या कॉलेजातून फोन आला होता. मी घेतला होता."

पलीकडे चाकं थांबली, किंवा ती ट्रॉलीपासून लांब गेली असेल. खोकला ऐकू येत राहिला.

"हं," ती म्हणाली.

त्या एका अक्षरात काय होतं हे कळायला त्याने फोन कानावर दाबून धरला. माहीत होतं म्हणून हं? की, ऐकतेय, पुढे बोला, म्हणून? की नर्स पेशंटला म्हणते तसं, कुठे दुखतं ते कळलं म्हणून?

"संध्याकाळी येते मी," ती म्हणाली. "निळं द्या मग परत." आणि फोन बंद झाला.

चारला कुरिअरवाला आला, निळं जॅकेट घेऊन गेला. जयमालाने लोकरीसाठी शेजारच्या संगीताला फोन लावला, कुठला रंग, किती लडी. प्रल्हाद ओटीवर येऊन बसला. स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षा कोपऱ्यावर वळत होत्या. एकेकीचा आवाज जवळ यायचा, मंदावायचा, पुढे जायचा. तिची ड्यूटी सहाला सुटते. साडेसहापर्यंत ती येईल. गेले दोन महिने, करार आल्यापासून, त्याने हे दिवस मोजले होते — तीस राहिले, वीस राहिले, आठ — आणि दर वेळी पोटात तोच खड्डा पडायचा, ती जाणार, ती जाणार. आता तो तोच खड्डा शोधत होता आणि तो जागेवर नव्हता. भीती होती, चांगली मोठी होती. पण ती लेहची नव्हती, बर्फाची नव्हती. आणखी एक रिक्षा कोपऱ्यावर मंदावली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, तिला यायला थोडा उशीर व्हावा. आणि तसं वाटत असतानाच तो उठून, नीट दिसावं म्हणून, पायरी उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.