जर्सी अंगात हाय तवर

ऐक, मधी बोलू नको, नुसतं ऐक.

रविराज म्हनून एक पोरगं हाय, पारनेरच्या एका कॉलेजातलं, कबड्डीत रेड मारनारं. लई चपळ. पन तोंड? तोंडाला दारच न्हाई. आन त्यांचे कोच सहादेव सर म्हंजी एकाच नियमाचा मानूस. "जर्सी अंगात हाय तवर तोंड कॉलेजचं. ज्यानं त्या तोंडानं घान केली, त्यानं जर्सी घडी घालून माझ्या हातात द्यायची आन बाहीर बसायचं." पोरं मागं नक्कल करायची, आन सगळ्यात झ्याक नक्कल रविराजची.

तर ह्यांची टीम गेल्ती पाथर्डीकडं एका गावात. तिकडं साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजी हंगाम संपला, ऊसतोडीला गेल्याली मानसं माघारी आली, की जत्रा. आन जत्रेत कॉलेजांच्या कबड्डीचे सामने. फायनल बघाया विद्यापीठाच्या संघाची निवड करनारे सर येनार हुते. रविराजचा सगळा जीव तिथं अडकल्याला.

सेमीफायनल तिथल्याच कॉलेजच्या पोरांशी. त्यांच्यात कॉर्नरला अजिनाथ म्हनून एक पोरगं, दिसायला काडी, पन पाय धरला की सोडायचं नाव न्हाई. रविराज गेला, पाडला. परत गेला, परत पाडला. वर ह्याची गुडघ्याची पट्टी टराटरा फाटली आन लोक हसले. मग ह्याचं डोकं सरकलं. उठता उठता वरडला, "ए कोयत्या! हितं काय करतू? फडात जा, उसाचं वाढं गोळा कर!"

मैदान गप. अरं, कोयत्या म्हंजी ऊसतोड्या, आन निम्मं मैदान ऊसतोडीचंच की! कुनी दगड न्हाई मारला, शिवी न्हाई दिली.  सर तवा पंचांच्या टेबलापाशी हुज्जत घालत हुते, त्यांनी ऐकलं न्हाई.

जिंकले कसेबसे.

आता त्या गावाची रीत अशी, की पाव्हना संघ मंडपात जेवत न्हाई. दिवेलागनीला गावातली मानसं येत्यात आन पोरं वाटून नेत्यात, दोन ह्या घरी, दोन त्या घरी. रामहरी म्हनून जत्रेचा पुढारी पोरं वाटून देत हुता. त्यानं रविराजच्या आन त्याच्या दोस्ताच्या, सुनीलच्या, पाठीवर थाप मारली. "ही दोन छबूबाईकडं!"

गेले. पत्र्याचं घर, म्होरं सारवल्यालं अंगन. आन दारात हातावर पानी घालाया तांब्या घिऊन कोन उभं? अजिनाथ!

सुनीलनं रविराजच्या बरगडीत कोपर घातलं. अजिनाथ म्हनला, "धुवा हात. शेंगुळं निवंल."

आन काय वाढलं रं त्याच्या आईनं! हुलग्याचं शेंगुळं, बाजरीची भाकर, वर शिरा. खा बाळा, घे बाळा. रविराज भाकर नुसती कुस्करत बसला. भाकर थापता थापता छबूबाई म्हनती, "आरं, आज आमच्या अजूला कुनीतरी कायबाय बोललं म्हनं. मी चुलीम्होरं, मला काय ठावं? तुमच्यातलंच कोन हुतं का?"

सुनीलनं शेंगुळ्यात तोंड घातलं. रविराज ताटाकडं बघाया लागला. आन अजिनाथ काय म्हनला म्हाइतीय? "आये, खेळात चालतंय. कोन हुतं, मला बी ध्यानात न्हाई." म्हनताना बघत हुता रविराजकडंच. रागानं न्हाई रं. रागानं बघितलं असतं तर बरं हुतं. वर निघताना सोताची गुडघ्याची पट्टी आनून दिली. "तुझी फाटली ना? उद्याच्याला घाल. मला आता काय काम तिचं."

सकाळी सरांच्या कानावर गेलंच. सगळी पोरं लायनीत. "काल कोन बोललं? एकदाच इचारतो."

सुनीलनं मागनं रविराजची जर्सी वढली. "गप ऱ्हा. तुझी निवड हाय आन आमची फायनल."

रविराज गप ऱ्हायला.

सर म्हनले, "बरं. कुनी न्हाई म्हंजी कुनी न्हाई. माझा इश्वास हाय तुमच्यावर." बास, एवढंच.

फायनल सुरू. हे पुढं हुते. रविराज रेडला गेला, गुडघ्याला अजिनाथची पट्टी, कबड्डी कबड्डी कबड्डी, आन बायांच्या घोळक्यातनं छबूबाई वरडली, "ते बघा, ते माझ्या घरी जेवल्यालं पोरगं! लई गुनाचं हाय!"

दम तुटला. कुनी धरलं न्हाई, कुनी शिवलं न्हाई. तोंडच मिटलं. नुसता उभा. पंचांनी शिट्टी मारली, पॉइंट तिकडं.

रविराज सरळ सरांकडं चालत गेला. सगळ्यांच्या देखत जर्सी काढली, घडी घातली, नीट घातली बरं का, आन हातात दिली. "सर, मीच बोल्लो हुतो."

सरांनी जर्सी घेतली. "सकाळी सांगितलं असतंस तर मी दुसरं पोरगं तयार केलं असतं."  निवड करनारे सर समूरच, उघडं बसल्यालं ते पोरगं बघून त्यांनी मान फिरवली.

हरले.

निघायच्या आधी रविराज पट्टी माघारी द्यायला गेला. दारात छबूबाई. तवर तिला सगळं कळल्यालं. ह्यानं माफी न मागता नुसता पट्टीचा हात म्होरं केला. ती म्हनली, "ऱ्हाऊ दे. दिल्यालं माघारी घेत न्हाई आमी." आन आत गेली. बाळा म्हनली न्हाई.

टेम्पोत कुनी सरकून जागा दिली न्हाई. सुनील म्हनला, "काल बोलायचं नव्हतं. आन बोल्लास, तर आज बोलायचं नव्हतं. तुझं पाप धुवाया आमची फायनल घेतलीस."

सरांनी नंतर जर्सी परत दिलीया त्याला. ती तशीच घडीत हाय, आन वर ती पट्टी. अजून अंगात घातली न्हाई त्यानं.

आता तू सांग. सकाळी लायनीत, मागनं सुनील जर्सी वढतोय, तवाच बोल्ला असतास? आन तवा तोंड उघडलं नसतं, तर मग फायनलच्या मधी? खरं सांग हां, तू काय केलं असतंस?