चार फुले आणि उपाशीपोटीचे आकडे

मित्रांनो, मी एक जुने कॅलेंडर आहे. जुने म्हणजे गेल्या वर्षीचे. आमच्या जातीला एका वर्षातच म्हातारपण येते, आणि एकतीस डिसेंबरनंतर कुणी ढुंकूनही बघत नाही. पुएब्ला प्रांताच्या डोंगरातल्या एका पिठाच्या व्यापाऱ्याने मला छापून घेतले. वर ग्वादालूपेच्या माउलीचे, आमच्याकडच्या देवमातेचे, गुलाबांतले चित्र, खाली टाचलेली बारा पाने. नाताळच्या आधी त्याने पाव भाजणाऱ्या घराघरांत आम्हाला वाटले. मी दोन्या चोलेच्या, म्हणजे चोलेबाईंच्या, वाट्याला आले.

दोन्या चोलेची भट्टी गावात नावाजलेली आहे. तिचा मुलगा आबुंदिओ तीनचाकी सायकलवर टोपल्या ठेवून पाव विकायला जातो आणि सून फिदेलिना, घरात सगळ्यांची फिदे, पीठ मळते. मला मळायच्या लांब टेबलासमोर टांगले होते. पिठाची धूळ बसून मी पांढरे होत असे, पण मान मोठा होता. माझ्यावरच्या माउलीपुढे रोज मेणबत्ती लागायची. मी थोडे फुशारून गेले होते, हे कबूल करते.

फिदेला मधुमेह होता. दोन वर्षांपूर्वी तिचे मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेले, तेव्हा तो कळला. साखर ताब्यात येईपर्यंत पुन्हा दिवस जाऊ देऊ नकोस, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून पाळणा लांबवण्यासाठी ती दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत असे. हे नवऱ्याला माहीत होते, सासूला नव्हते. सासूला सांगणार कसे? म्हातारीने पिवळ्या लोकरीचे एक टोपडे विणून माझ्याच शेजारच्या खिळ्याला अडकवले होते, आणि मेणबत्ती लावताना ती रोज त्याला हात लावायची.

रोज सकाळी फिदे बोट टोचून साखर बघायची आणि उपाशीपोटीचा आकडा माझ्या चौकटीत निळ्या पेनने लिहायची. इंजेक्शनच्या दिवशी कोपऱ्यात एक छोटे फूल काढायची. म्हातारीने विचारले तेव्हा तिने थाप मारली, की सासऱ्यांच्या थडग्यावर फुले न्यायचा हा दिवस. मग काय, थाप निभवावी लागली. दर खेपेला ती फुलांची जुडी घेऊन आधी थडग्यावर जायची आणि परतताना दवाखान्यात शिरायची. म्हातारी शेजारणींना ऐकवायची, "माझी सून मेलेल्या सासऱ्याला विसरत नाही. तुमच्या सुना जिवंत माणसाला पाणी विचारत नाहीत."

पहिले फूल वीस जानेवारीला उमलले. त्याआधीचे आकडे होते १२८, १३१, १२६. फुलानंतर दोन आठवड्यांनी १५९ आले, मग १७८. मार्चच्या शेवटी ते कसेबसे १४५ पर्यंत उतरले. वीस एप्रिलला दुसरे फूल आले आणि आकडे पुन्हा चढले, या वेळी १९० च्या पुढे.

मला ते दिसत होते, मित्रांनो. पण महिना संपला की पान उलटून मागे जायचे. समोर नेहमी एकच महिना, आणि एका महिन्यात काही कळत नाही. मागची पाने माझ्या पाठीला चिकटलेली असायची. ती फडफडवून दाखवायला मला वारासुद्धा हुकमाचा नव्हता.

दवाखान्याच्या वहीत फिदे फक्त आकडे उतरवून न्यायची. फुले माझ्याकडेच राहायची. साखरेची डॉक्टरीण मंगळवारी बसते. तिने विचारले, मक्याच्या भाकऱ्या, तोर्तिया, किती खातेस, गोड सरबत पितेस का, आणि गोळ्या वाढवल्या. इंजेक्शनची खिडकी त्याच बोळाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथली नर्स मागच्या सुईची तारीख विचारायची आणि दंड पुढे करायला सांगायची. साखर आहे का, हे तिने विचारले नाही. सुई घेतेस का, हे डॉक्टरणीने विचारले नाही. आणि फिदेला वाटे, ती सुई पोटासाठी आहे, तिचा रक्ताशी काय संबंध?

घरात मात्र कारणांना तोटा नव्हता. आमच्याकडे साखर चढते ती धसक्याने, हे लहान पोरही सांगेल. वसंतात शेजाऱ्यांचा गॅस भडकला होता, तो धसका फिदेच्या अंगात बसला असे म्हातारीने ठरवले. एका जाणत्या बाईकडून तिच्यावरून तुळशीची जुडी आणि अंडे उतरवून घेतले. वीस जुलैला तिसरे फूल आले आणि आकडा २०४ झाला. धसका संपला, आता संशय सुरू झाला.

एका सकाळी म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. तिला अक्षरे वाचता येत नाहीत, पण आकडे येतात.

"दोनशे चार," ती म्हणाली. "आकडा खोटं बोलत नाही, फिदे. गोड पाव कुठं मुरतोय, ते एकदा सांगून टाक."

"मी खात नाही, आई."

"मग काय भट्टी खाते?"

त्या दिवसापासून गोड पाव पेटीत गेला आणि किल्ली म्हातारीच्या गळ्यात. फिदे स्वतःच्या हातांनी मळलेला पाव मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. मला फार वाईट वाटले. आकडा खरा होता, आरोप खोटा होता, आणि पुरावा म्हणून बोट माझ्याकडे दाखवले जात होते. 

म्हातारी दुष्ट नव्हती. तिची बहीण ताचा इन्सुलिनवर गेली आणि वर्षात आंधळी झाली. डोळे आधीच गेलेले होते, इन्सुलिन उशिरा आले, असे डॉक्टर म्हणाले होते. पण गावाने इन्सुलिनलाच दोष दिला. म्हणून म्हातारी घाबरली होती, आणि तिची भीती तोंडातून टोमणे होऊन बाहेर पडत होती. फिदेही त्याच भीतीने वाळत चालली. रात्रीचे जेवण तिने सोडले. तरी वीस ऑक्टोबरच्या चौथ्या फुलानंतर आकडे २१० च्या खाली उतरेनात. मृतांच्या सणाला गावभर साखरेचा पाव भाजला गेला. फिदेने तो ओठालाही लावला नाही, आणि तरीही साखर लागली आहे का म्हणून शेजारणी तिच्या बोटांकडे बघून हसल्या.

डिसेंबरात डॉक्टरणीने इन्सुलिन लिहून दिले. ती डबी फ्रिजमध्ये लोण्यामागे तशीच पडून राहिली. फिदे रोज दार उघडायची, बघायची आणि लावायची. आबुंदिओ बायकोकडे बघायचा, आईकडे बघायचा आणि सायकल काढायचा.

मग नवे वर्ष उजाडले. नवे कॅलेंडर आले. म्हातारीने मला खाली उतरवले. माउलीचे चित्र कात्रीने कापून भिंतीवर चिकटवले, कारण माउलीला कुणी टाकत नाही. उरलेली माझी पाने तिने टोपल्यांत अंथरण्यासाठी सुटी केली आणि एकामागून एक टेबलावर मांडली. जन्मात पहिल्यांदा माझे सगळे महिने एका वेळी उताणे पडले.

म्हातारीचे बोट एका पानावर थांबले. मग दुसऱ्यावर गेले. परत पहिल्यावर आले. तिने चष्मा पुसला.

"फिदे, इकडे ये. माझ्या म्हाताऱ्याला फुलं घातली, की तुझी साखर चढते होय? जिवंतपणी त्यानं कुणाचं वाकडं केलं नाही, मेल्यावर तुझ्याशी काय वैर धरेल?"

फिदे पिठाच्या हातांनीच उभी राहिली. तिने पाने बघितली. तिचे तोंड उतरले, कारण तिलाही ते तेव्हाच दिसले. मग हळू आवाजात तिने सगळे सांगितले: सुई, थाप, दवाखाना, भीती.

"मग ती फुलं सुईपायी जात होती?" म्हातारीने विचारले.

"फुलं खरी होती, आई. प्रार्थनाही करत होते."

म्हातारी भिंतीकडे वळली. खिळ्यावरचे टोपडे काढून तिने एप्रनच्या खिशात घातले. मग गळ्यातली किल्ली काढली आणि माझ्या जुलैच्या पानावर, २०४ वर ठेवली. माफी मागायची तिची रीत एवढीच. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "पानं मी धरीन. तू फक्त बोल."

दवाखान्यात डॉक्टरणीने माझी पाने टेबलावर पसरली आणि बोळाच्या टोकाच्या नर्सला बोलावून घेतले. त्या दोघी पहिल्यांदाच एका कागदावर वाकल्या असाव्यात. अशा इंजेक्शनाने काही बायकांची साखर वाढते, सगळ्यांची नाही, असे डॉक्टरीण म्हणाली. ते मनाने बंद करू नकोस, पुढच्या तारखेच्या आत तांबी बसवू, त्यात हे औषध नसते. आणि तोवर इन्सुलिन घे, त्याने कुणी आंधळे होत नाही. मग तिने फिदेचे डोळे तपासले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर दोन ठिपके सापडले. या वर्षानेच आले का, असे म्हातारीने विचारले. सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले.

ते उत्तर मी रोज उगाळते, मित्रांनो. आता मी फिदेच्या फायलीत घडी होऊन पडले आहे. आकडे माझ्याजवळ होते, फुले माझ्याजवळ होती, आणि मी वर्षभर तिच्या डोळ्यांसमोर होते. तरी तिला वाचवायला तोंड नव्हते, की स्वतःचे पान उलटायला हात नव्हता. तुम्हाला दोन्ही आहेत. घरात कुणाच्या आजाराचा आकडा चढला, तर त्या माणसावर बोट रोखण्याआधी मागची पाने एकदा उलटून बघा. आणि दवाखान्यात जाल तेव्हा फक्त आकडे नेऊ नका, फुलेही न्या.

नव्या कॅलेंडरवर आता आकडे दोन्या चोले लिहिते. आज सकाळी फिदेने १५२ सांगितले, तेव्हा तिने तो लिहिला आणि कोपऱ्यात एक जाडेभरडे, वाकडे फूल काढले. सुईचे नव्हे. ती म्हणाली, म्हाताऱ्याला आता फुलांची सवय झाली आहे.