बॅकालॉरिअस आणि ताटातले तांदूळ

मी एक जाडसर कागद बोलतोय. लोक मला पदवी म्हणतात. पुण्याच्या एका छापखान्यात, एकोणीसशे त्र्याहत्तर साली माझा जन्म झाला. माझ्यावर 'बॅचलर ऑफ आर्ट्स' असं छापलं आणि मोकळ्या ओळीवर शाईनं नाव भरलं, विजयमाला गहिनीनाथ. तेव्हापासून मी तिचा.

पाथर्डीकडच्या तिच्या गावात बी. ए. झालेली ती पहिलीच पोर. बाप गहिनीनाथ दरसाल कोपरगावकडे ऊस तोडायला जायचा. पोस्टमननं मला आणलं तेव्हा बापानं धोतराला हात पुसले आणि मोठ्या अदबीनं मला उलटा धरला! आई बनुबाईनं तर घरात नवी वस्तू आली म्हणून मला हळदीकुंकूच लावलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? कोपऱ्यातला तो डाग अजून आहे.

विजयमालेला एकच खोड, विचारायची. बॅचलर म्हणजे काय, हे विचारायला ती मला घेऊन थेट संगमनेरला, तिच्या कॉलेजातल्या आप्पासाहेब सरांकडे गेली.

सरांनी जाडजूड कोश काढला. "मूळ नाव लॅटिन. बॅकालॉरिअस आर्टिअम. शेकडो वर्षं झाली, राज्यं बुडाली, ती भाषा घरात बोलणारंही कुणी उरलं नाही. नाव मात्र टिकलं."

एवढ्या जुन्या घराण्यातला मी, आणि राहत होतो रेशनकार्डाच्या डब्यात!

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा सहादेव, संगमनेरजवळच्या खेड्यातला मास्तर. मी तिच्या ट्रंकेत बसून सासरी आलो. जूनपासून माझ्या भरवशावर ती शाळेत नोकरी धरणार होती.

घरात पाऊल टाकताच तांदळाचं ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. सासू गोजरबाईनं ठरवूनच ठेवलं होतं. "लिही रे, मनकर्णा."

ट्रंकेत मला हे ऐकू आलं. विजयमालाच उरली नाही, तर मी कुणाचा?

तेवढ्यात झाकण उघडलं. तिनं मला ताटाशेजारी पसरलं.

"आत्याबाई, ह्या पदवीचं नाव शेकडो वर्षांत बदललं न्हाई. माझंबी ऱ्हाऊ द्या."

"कागदाचं काय येवढं? समद्यांचंच बदलतं. माझं न्हाई का बदललं?"

खोड ती खोड. विजयमालेनं विचारलंच, "तुमचं आधीचं काय हुतं?"

गोजरबाई गप्प झाली. बराच वेळ ती माझ्या कोपऱ्यातला कुंकवाचा डाग बघत राहिली.

"साळू," ती म्हणाली. "आई साळे म्हनायची. चाळीस वर्सं झाली, कुनी इचारलंच न्हाई."

मग पदर डोळ्यांना लावून लेकाला म्हणाली, "विजयमालाच लिही. आन् जागा उरली तर खाली माझंबी लिही."

सहादेवनं तांदूळ जरा पसरून जागा केली.

आज मी भिंतीवर काचेआड आहे. मला बघायला या, सुलटा टांगलाय. पण त्याआधी आपल्या घरातल्या बाईला तिचं आधीचं नाव एकदा विचारा. ती किती वेळ गप्प राहते, तेही बघा.