सहा उत्तरं आणि सात पायऱ्या

आम्हा बँकवाल्यांना माणूस स्केलवरून, म्हणजे अधिकारी कितव्या श्रेणीतला यावरून कळतो. स्केल टू, स्केल थ्री. जितका वर, तितका शहाणा. माझी वल्लरी सहावीत असून नववीचं गणित करते, हे जयपूरला बदली झाल्यापासून मी शाखेत निदान वीस जणांना ऐकवलं असेल. पंधरा दिवसांत तिने नववीचं पुस्तक संपवलं आणि म्हणाली, "बाबा, यात मजा नाही. गणितं सेमच, फक्त आकडे मोठे." मी ऐकतोय कुठला! दहावीचं पुस्तक आणलं, वर गोपालपुऱ्यातल्या एका क्लासच्या 'दोन वर्षं पुढे' या बॅचच्या परीक्षेला तिला बसवलं.

तासाभरात तीस प्रश्न होते. वल्लरीने सोडवले सहा.

"बच्ची ठीक है सर, पर स्लो है," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "अपनी ही क्लास का पढ़ने दीजिए."

माझं डोकं फिरलं. त्याच्यावर ओरडता येईना, म्हणून पार्किंगमध्ये पोरीवर ओरडलो. वड्याचं तेल वांग्यावर! घरी येताना स्कूटरवर मागून हळूच आवाज आला, "बाबा, मतलब... मी ढ आहे का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरच्या मजल्यावर मधुमतीताई राहतात. अमरावतीच्या, इथे विद्यापीठात गणित शिकवतात. संध्याकाळी वल्लरीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. "ताई, परीक्षेत तीसपैकी सहाच प्रश्न सोडवून ही थांबली. हिचा स्पीड वाढेल असं एखादं पुस्तक सांगा."

"आधी सांग बेटा, सहाव्या प्रश्नाशी का थांबलीस?"

वल्लरीने खिशातून परीक्षेचा कच्चा कागद काढला. "सात पायऱ्या आहेत. एकेक किंवा दोन-दोन चढायच्या, तर किती प्रकारे चढता येईल? ते एकवीस. पण मला वाटलं, तीन-तीनही चढता आल्या तर? ते कोणी विचारलंच नव्हतं."

कागदावर सोडवलेल्या सहा गणितांखाली आकडे होते: १, २, ४, ७, १३, २४, ४४.

"चौथ्यापासून प्रत्येक आकडा आधीच्या तिघांची बेरीज," ती म्हणाली. "शेवटची उडी एक, दोन नाहीतर तीनचीच असणार ना!"

"हे तुला कोणी शिकवलं?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, सहाच्या सहा बरोबर आहेत. आणि सातवा प्रश्न हिने स्वतः तयार केला. हिला वरचा वर्ग नका देऊ, लवकर न सुटणारं गणित द्या." त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. आत फक्त तीस गणितं होती. मागे उत्तरं नव्हती.

वल्लरीने पानं उलटली आणि तिचा चेहरा असा काही फुलला की माझेच डोळे भरून आले. दहावीचं पुस्तक मी त्याच रात्री रद्दीत टाकलं. पोरीची माफीही मागितली. "इट्स ओके" म्हणाली, पण मान वर न करता. तोवर पहिल्या गणितात बुडाली होती.

परवा शाखेत शर्माजींनी विचारलं, "बिटिया अब कौनसी क्लास का मैथ्स कर रही है?"

मी खुर्चीत ताठ बसलो. "शर्माजी, पाँच दिन से एक ही सवाल पर बैठी है," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "और अभी तक हल नहीं हुआ!"