पोटात परत जाणारं पिल्लू

"व्यालं! व्यालं!" आरोळी उठली आणि जावातल्या तुबानच्या किनाऱ्यावरच्या बायका मासळीच्या टोपल्या टाकून वैदूच्या अंगणाकडे पळाल्या. वैदू म्हणजे म्बाह सुरो. त्याच्या अंगणातल्या आडव्या फांदीला शेपटीचा वेढा घालून एक प्राणी बसला होता. मांजराएवढा, लोकरीसारख्या केसांचा, वटारलेल्या डोळ्यांचा. म्बाहनं त्याच्या पोटावर टिचकी मारली. पोटातून एक इवलंसं डोकं बाहेर आलं. त्या डोक्यावर दुसरी टिचकी. डोकं आत!

"पाहिलंत? वेणा नाहीत, रक्त नाही! मनात आलं की वितं, मनात आलं की परत पोटात घेतं! या पोटाला जे पोट लागेल, ते रिकामं राहील?"

"नाही!" सगळं अंगण ओरडलं.

रांगेत सगळ्यात पुढे माझी थोरली बहीण, विजी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. गर्भाशयात नारळाएवढी गाठ. डॉक्टरांनी येत्या सोमवारी ऑपरेशन ठेवलं होतं. म्बाहनं सांगितलं, गाठ नव्हे, अडकलेलं मूल आहे, आणि डॉक्टर तेच कापणार आहेत. हे सगळं सुरू होऊन अठरा दिवस झाल्यावर मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन सुराबायाहून घरी पोचले होते.

"ताई, हा कुस्कुस आहे. याच्या पोटाला कातडीची पिशवी असते. पिल्लू कधीच जन्मलंय, पिशवीत बसून दूध पितंय."

"हळू बोल. बाळ ऐकतंय."

मग मी हळू बोलले नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहून सांगितलं: हजारो वर्षांपूर्वी समुद्र खूप खाली गेला होता, तेव्हा वाघ-गेंडे जमिनीवरून चालत आपल्या जावापर्यंत, बालीपर्यंत आले. त्यापुढची सामुद्रधुनी इतकी खोल की ती कधी आटलीच नाही. पिशवीवाले प्राणी तिच्या पलीकडचे. म्हणून आपल्यापैकी कुणी असा प्राणी पाहिलेला नाही. तो आपल्या पायांनी इथं येऊच शकत नाही.

म्बाहनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात वर केला.

"ऐकलंत? शिकलेली पोर आहे, खोटं कशाला बोलेल? लाखो वर्षांत जो प्राणी समुद्र ओलांडू शकला नाही, तो माझ्या अंगणात बसलाय. आणला कुणी?"

"वरच्यानं!"

रांग दुप्पट झाली. त्याच्या चमत्काराला पुरावा मीच पुरवला होता.

पायांनी आला नाही म्हणजे बोटीनं आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर जाऊन पूर्वेकडून आलेल्या बोटींवर विचारत फिरले. तिसऱ्या बोटीवरचा आचारी मार्टिनुस, पूर्वेकडच्या हाल्माहेरा बेटाचा, माझा प्रश्न ऐकून पोट धरून हसायला लागला. त्याला तसाच ओढत अंगणात नेलं.

"हेच ते! आमच्या बोटीतून आलं. सुक्या खोबऱ्याच्या पोत्यांमागे, खोक्यात. तीन होती, दोन वाटेत मेली."

"हा देवाचा प्राणी आहे!" म्बाह गरजला.

"असेल बाबा. आमच्या गावात नारळाच्या दुधात शिजवतात. मिरची जरा सढळ."

"तोबा, तोबा!" बायकांनी तोंडाला पदर लावला. मार्टिनुसनं प्राण्याला सराईतपणे काखेत धरलं आणि दोन बोटांनी पिशवी फाकवली. आत स्तन. त्यातल्या एकाला पिल्लू चिकटलेलं. एकेक बाई वाकून पाहू लागली. कुणी हसली, कुणी शिवी दिली, कुणी म्बाहला दिलेली कोंबडी परत मागितली. दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं आणि म्बाह प्राण्याला पिंजऱ्यात घालून दुसऱ्या किनाऱ्याला पसार झाला.

मी जिंकले असं मला वाटलं. धावत घरी आले. ताईनंही पिशवीत वाकून पाहिलं होतं.

"पाहिलंस ना? मग सोमवारी जायचं."

"त्याच्या पोटातलं तू दाखवलंस. माझ्या पोटातलं कुणी पाहिलंय?"

"डॉक्टरांनी. सोनोग्राफीत."

"ती करड्या रंगाची चित्रं? मला त्यात काहीच दिसलं नाही." तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. "हललं ना आत्ता?"

हाताखाली गाठ होती, दगडासारखी.

"नाही हललं, ताई."

"तुझा हात गार आहे. घाबरलं असेल."

सोमवारी दारात गाडी उभी राहिली आणि रिकामीच परत गेली. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ आहे, पण फार नाही. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, म्बाह कुठल्या किनाऱ्यावर गेला? मी जे शिकले ते सगळं तिला तीनदा सांगून झालंय. ती ऐकते, मान हलवते आणि झबल्याला काज करत बसते.

तुमच्या गावात उद्या असं काही अवतरलं, तर नवस बोलण्याआधी एवढंच विचारा: हे मुळात कुठलं, आणि इथं कुणी आणलं? प्रत्येक रोपाला, प्रत्येक प्राण्याला या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि ते शोधता येतं. फक्त पहिल्या दिवशी विचारा, कुणाची आशा त्यात गुंतायच्या आत. मी एकोणिसाव्या दिवशी विचारलं.